दोघांचा अर्धा इंच

मास्तरांना कुणीही, कधीही, कसं काय चाललंय असं विचारलं की उत्तर ठरलेलं असे: "मजेत." दाढ ठणकत असो, छत गळत असो, गिऱ्हाइकाने महिनाभर अंगावर वापरून कोट परत आणलेला असो आणि म्हणत असो की बाही आखूड झाली आहे, मास्तर मजेत. हे सोंग नव्हतं. माणूस मुळातच समाधानी होता, जेवून उठल्यासारखा चेहरा घेऊनच जन्माला आलेला. त्यांच्या बायकोला गल्लीत सगळे मास्तरीणबाई म्हणत. तिला मात्र या मजेचा गेली चौतीस वर्षं राग येत होता. घराला आग लागली तरी हा माणूस म्हणेल, चला, ऊब आली, असं ती लेकीला फोनवर सांगायची, आणि मास्तर शेजारी बसून त्यालाही मान डोलवायचे.

मास्तर शाळेतले नव्हेत, शिंपी. रस्त्याला लागून दुकानाची खोली आणि चौदा पायऱ्या चढून वर राहायचं घर. खोलीत कापायचं टेबल होतं. ते इतकं लांब की त्यावर माणूस पाय पसरून झोपावा, आणि दुपारी मास्तर झोपतही. भिंतीवरच्या खुंट्यांना अर्धीमुर्धी माणसं टांगलेली असत: कुणाची एक बाही, कुणाची नुसतीच पाठ. खिडकीशी पायाने चालवायचं मशीन. मास्तरांच्या गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि अंगात बिनबाह्यांचं जाकीट. जाकिटावर पुढे ओळीने सुया आणि टाचण्या टोचलेल्या असत, त्यामुळे मास्तरांना मिठी मारायची कुणाची छाती होत नसे.

आजार आला तो पायऱ्यांवरून. आधी मास्तर सातव्या पायरीवर टेकू लागले. विचारलं तर म्हणत, इथून रस्ता छान दिसतो. सातव्या पायरीवरून समोरच्या भिंतीखेरीज काहीही दिसत नाही हे मास्तरीणबाईला ठाऊक होतं, पण बोलून उपयोग काय. मग एकदा ते खाली बसून एका गिऱ्हाइकाच्या पँटची उंची घेत होते. उठताना डोळ्यांपुढे काळोख आला आणि हाताला जे लागलं ते त्यांनी धरलं. हाताला पँटच लागली. गिऱ्हाइकाची अब्रू वाचली ती पट्ट्यामुळे. त्या दिवशी मास्तरीणबाईने दुकान लावून घेतलं आणि नवऱ्याला डॉक्टरकडे नेलं.

तपासण्या झाल्या. हृदयातून रक्त बाहेर सोडणारी झडप कडक होऊन अरुंद झाली होती, दार अर्धंच उघडावं तशी. ती बदलावी लागणार होती, आणि ते काम मोठ्या हॉस्पिटलात. तिथे यादी होती. नाव घातल्यापासून पाच-सहा महिने धरा, जास्तही लागतील, असं सांगण्यात आलं. मास्तरांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी येताना म्हणाले की मांजर उंदरावर झडप घालतं एवढंच आपल्याला आजवर माहीत होतं. आपल्याही आत एक झडप साठ वर्षं उघडझाप करत होती आणि आपण बिचारीची कधी साधी चौकशीही केली नाही. मास्तरीणबाई हसली नाही.

पथ्यं मिळाली. जिना दिवसातून एकदाच. जड इस्त्री उचलायची नाही. पायाने मशीन चालवायचं नाही. एक किडका दात आधीच काढून घ्यायचा, कारण दातातला जंतू म्हणे हृदयापर्यंत जातो. मास्तरांनी दात काढून घेतला आणि आता आपलं एक काम तरी वेळेच्या आत झालं म्हणून खूश झाले.

मशीनवर मास्तरीणबाई बसू लागली. इतकी वर्षं ती काजं-बटणं आणि तुरपाई करायची. आता तिने टीप मारायला घेतली आणि आठवड्याभरात उघडकीला आलं की तिची टीप मास्तरांपेक्षा सरळ येते. मास्तरांना याचं वाईट वाटायला हवं होतं. त्यांनी येईल त्या गिऱ्हाइकाला ती टीप दाखवायला सुरुवात केली. ते उंच स्टुलावर बसून कापड कापत, ती समोर पाय हलवत असे. कात्री टेबलावरून करकरत जाई, तुकडा पुढे सरके, आणि मान वर न करता ती तो घेई. दोघांनी चौतीस वर्षं एकाच खोलीत काम केलं होतं, पण एकमेकांकडे पाठ करून. आता समोरासमोर. मास्तरांच्या मते आजारपणाने त्यांना ही एक चैनच दिली होती, आणि असे सहा काय, बारा महिने काढायलाही त्यांची ना नव्हती.

दर पंधरा दिवसांनी, सोमवारी अकरा वाजता, हॉस्पिटलातून एका बाईंचा फोन येई. त्या यादी सांभाळत, म्हणून मास्तरांनी त्यांचं नाव यादीबाई ठेवलं. पहिल्याच फोनवर यादीबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. ऑपरेशनसाठी तुम्ही फिट असायला हवं, ही एक. आणि दम, चक्कर, वजन, कशातही फरक पडला तर लगेच कळवायचं, ही दुसरी.

आता शिंप्याला फिट म्हटलं की तो दुसरं काही ऐकेल होय? मास्तरांचा सारा जन्म फिटिंगमध्ये गेलेला. त्यांनी पहिली गोष्ट उचलली आणि दुसरी कानाआड केली. त्यांच्या डोक्यात हिशेब बसला की ही एक परीक्षा आहे. ज्याची तब्येत ठणठणीत त्याला आधी बोलावणार, आणि जो कुरकुर करील त्याला म्हणणार, तुम्ही अजून तयार नाही, पुढच्या खेपेला बघू. म्हणून यादीबाईंनी दम लागतो का विचारलं की हे म्हणत, छे. चक्कर? नाव नको. एकूण कसं? मजेत. यादीबाई म्हणत, वा, असंच राहू द्या. मास्तर फोन ठेवून बायकोला सांगत की बाई खूश होत्या.

असे पाच महिने गेले, मग सहा, मग सात. मास्तर मजेत होते आणि वाळत होते.

आधी कॉलर सैल पडली. मग खांद्याची शिवण दंडावर उतरली. मास्तरीणबाईला हे दिसत होतं. तिला वाटलं, हा माणूस तोंडाने बोलत नाही, पण शिंपी आहे. स्वतःचा शर्ट अंगावर गोणपाटासारखा लोंबायला लागला तर एक दिवस आतून खचेल. तेव्हा एका दुपारी, मास्तर टेबलावर डोळे मिटून पडलेले असताना, तिने त्यांचे चारही शर्ट मशीनवर घेतले आणि दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच आत घेतले. इतर कामाच्या टिपांमध्ये या टिपा ऐकून कुणाला कळणार. झाकली मूठ.

त्याच आठवड्यात मास्तरांच्याही मनात तेच आलं. शर्ट ढगळ होतोय हे त्यांना आधीच जाणवलं होतं. स्वतःसाठी त्यांना काही वाटलं नाही, पण बायकोच्या नजरेला पडलं तर ती जेवायची बंद होईल, ही धास्ती. मशीनला पाय लावायचा नाही असं वचन दिलेलं. म्हणून ती भाजी आणायला गेली की ते सुई-दोरा घेत. पाठीवर, खांद्याच्या पट्टीखाली जी चुणी असते, ती त्यांनी आतून हाताने शिवून टाकली. एकेका शर्टाला अर्धा-अर्धा इंच गेला. बाजूंकडे त्यांनी बघितलंच नाही. बाजूंना काय झालं असणार? आणि पाठीकडे तिचंही लक्ष गेलं नाही, कारण पाठीवर दिवसभर जाकीट असे.

व्हायचं ते झालं. पुढच्या सोमवारी शर्ट घालताना बटणं ओढली जाऊ लागली.

मास्तरांनी आरशात पाहिलं. छातीवरचं कापड ताणलेलं होतं. आपणच शर्ट लहान केलाय हे ते जाणून होते, पण आपण किती लहान केलाय तेही त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तेवढ्याने एवढं घट्ट होत नाही. म्हणजे आपण भरतोय. तिकडे मास्तरीणबाईने नवऱ्याच्या पोटावरचं ताणलेलं बटण पाहिलं आणि तिनेही मनात तोच हिशेब केला. त्या दिवशी ती कितीतरी आठवड्यांनी मशीन चालवताना गुणगुणत होती. दोघंही आनंदात, आणि दोघांनीही आनंदाचं कारण एकमेकांना सांगितलं नाही. उगाच दृष्ट लागायची.

लेकीने मध्यंतरी वजनाचा काटा आणून दिला होता. काटा म्हणे त्रेपन्न. यादीत नाव घातलं तेव्हा होतं एकसष्ट. मास्तरांनी काट्याला दोन थापा मारून पाहिल्या. मग निकाल दिला की स्प्रिंग बिघडली आहे, लोखंड खोटं बोलेल, कापड बोलायचं नाही. मास्तरीणबाईनेही मान डोलावली. चौतीस वर्षांत मास्तरांच्या बोलण्यावर तिने इतक्या चटकन कधी मान डोलावली नव्हती. काटा पलंगाखाली गेला. त्या सोमवारी यादीबाईंनी वजन विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, वाढतंय. काट्यावर पाहिलंत का, असं त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, आम्हाला शर्टावरून कळतं. यादीबाई हसल्या, काट्यावरही बघत जा म्हणाल्या, आणि दोन आठवड्यांनी फोन करते म्हणाल्या.

आठव्या महिन्यात सोळानंबरवाले दुकानात आले.

हे बस चालवत, सोळा नंबरच्या मार्गावर, म्हणून हे नाव. मास्तरांची आणि त्यांची ओळख हॉस्पिटलच्या बाकावर झाली होती. यांचीही झडपच बिघडलेली, पण यांचं नाव यादीत मास्तरांच्या तीन महिने मागाहून लागलेलं. तेव्हा माणूस जिना बघूनच धापा टाकायचा. आता दारातून आत आला तो गाल वर आलेले, आवाज खणखणीत आणि काखेत दोन पँटी. ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. भूक अशी लागते की काय सांगू, म्हणाले, आणि एकही पँट कमरेत बसत नाही, तेवढ्या सैल करून द्या.

मास्तरांनी पँट उलटी करून पाहिली. शिवणारा भला माणूस होता, मागच्या शिवणीत दोन बोटं माया सोडलेली होती. शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. माया असली की माणूस कितीही फुगला तरी कपडा त्याला टाकत नाही. होईल काम, मास्तर म्हणाले. आणि मग, इतका वेळ घशात अडकलेला प्रश्न त्यांनी हळूच विचारला, की तुमचं नाव तर मागे होतं, मग नंबर आधी कसा लागला.

सोळानंबरवाले मास्तरांकडे निरखून बघत होते. तुम्ही यादीबाईंना काय सांगता, त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, मजेत. सोळानंबरवाले हसायला लागले, आणि मास्तर हसत नाहीत असं बघून थांबले.

"मास्तर, ती बस नाही हो, आधी आला तो आधी चढला असं व्हायला. तिथे ज्याचं जास्त अडलंय त्याला आधी घेतात. मी तर बाईंना पायऱ्या मोजून सांगायचो. आज पाचवर थांबलो, आज तीनवर."

"पण फिट असायला हवं म्हणाल्या होत्या."

"फिट म्हणजे ताप, खोकला नको. तुम्ही आठ महिने सांगताय की मला काही झालेलं नाही. मग त्यांनी तरी काय करायचं?"

मशीनचा आवाज थांबला. मास्तरांना बायकोकडे बघवेना. तोंड चुकवायला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून ते सवयीने सोळानंबरवाल्यांच्या पायाशी वाकले, पँटची उंची घ्यायला. उंची कुणी मागितलीही नव्हती. टेप लावला, आकडा वाचला आणि उठले. उठले म्हणजे अर्धेच. मग खोली काळी झाली.

शुद्ध आली तेव्हा ते कापायच्या टेबलावर आडवे होते आणि अंगात नुसता गंजीफ्रॉक होता. बसवाल्याने त्यांना अलगद झेलून वर ठेवलं होतं. मास्तरीणबाईने जाकीट काढलं, ताणलेली बटणं सोडवली, शर्ट ओढून काढला, आणि वारा घालायला दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून ती त्याच शर्टाने वारा घालत होती. शर्ट उलटा झालेला होता. मास्तरांच्या नाकावरून त्याची बाजू जायची आणि यायची. शिंप्याचे डोळे, अर्धमेले असले तरी शिवण बघणारच. जुन्या टिपेच्या आत दुसरी टीप होती, सरळ, रेघेसारखी. मधलं कापड कापलेलं नव्हतं, सगळं राखून ठेवलेलं होतं.

वारा थांबला. मास्तरीणबाईला पाठ दिसली होती. चुणीवर हातशिलाईचे बारीक टाके, एकाला एक लागून. असे टाके या घरात एकच माणूस घालत असे.

"हे कधी केलंत?"

"तू भाजीला जायचीस तेव्हा." मास्तरांनी बाजूच्या टिपेवर बोट ठेवलं. "आणि हे?"

"तुम्ही इथे घोरत असता तेव्हा."

शर्ट घट्ट का झाला ते दोघांनाही एकाच वेळी कळलं. मास्तर भरत नव्हते, आपण दोघांनी मिळून एका वाळणाऱ्या माणसावर कापड आवळत आणलं होतं. मास्तरांना आधी हसू आलं. हसताना दम लागला, आणि तिने त्यांच्या छातीवर हात ठेवला, तो जाकीट नसल्यामुळे सरळ छातीवरच पडला. तिच्या तळव्याला बरगड्या लागल्या. तिने हात काढला नाही. सोळानंबरवाल्यांनी पँटी टेबलाखाली ठेवल्या, घाई नाही म्हणाले, हॉस्पिटलात जायचं असेल तर मला कळवा, मी घेऊन जाईन म्हणाले, आणि दार हळू लावून गेले. बसवाला असून दार हळू लावतो, याचं मास्तरांना कौतुक वाटलं.

मग मास्तर उठून बसले. मास्तरीणबाईने फोन उचलला, नंबर लावला आणि स्वतः बोलायला तोंड उघडलं. मास्तरांनी हात पुढे केला. तिने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि फोन दिला.

"काय मास्तर, आज सोमवार नाही," यादीबाई म्हणाल्या. "कसे आहात?"

मास्तरांच्या जिभेवर तो शब्द आलाच होता. साठ वर्षांची सवय. त्यांनी तो गिळला, आणि गिळताना त्यांच्या कपाळावर घाम आला.

"बरा नाही," ते म्हणाले. "मी बरा नाही, बाई."

पलीकडे कागद पुढे ओढल्याचा आवाज झाला. मास्तर सांगत गेले. जिन्यात आता तिसऱ्या पायरीवर बसावं लागतं. रात्री दोन उशा लागतात, मग तिसरी. आज चक्कर येऊन पडलो, याआधीही एकदा पडलो होतो, तेव्हा घरी कुणी नव्हतं. हे शेवटचं मास्तरीणबाईलाही नवीन होतं. वजन त्रेपन्न, काटा बिघडलेला नाही. शर्टाचं त्यांनी सांगितलं नाही, ते सांगायला फार वेळ लागला असता. यादीबाई मध्ये कुठेही वा म्हणाल्या नाहीत. सगळं ऐकून त्यांनी दोन मिनिटं थांबायला सांगितलं, कुणाशी तरी बोलल्या, आणि परत येऊन म्हणाल्या की उद्या सकाळी नऊ वाजता या, सामान घेऊनच या, दाखल करून घेतो आहोत. आठवड्याच्या आत ऑपरेशन होईल. आणि मग, जरा थांबून, त्या म्हणाल्या की मास्तर, हे तुम्ही तीन महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं. मास्तर म्हणाले, हो.

फोन ठेवून ते टेबलाच्या कडेला पाय सोडून बसले. बाहेर दुपारचं ऊन होतं आणि समोरच्या दुकानात कुणीतरी कपाट सरकवत होतं. इतके महिने ज्या दिवसाची वाट पाहिली तो उद्यावर आला होता. मास्तरांना आनंद व्हायला हवा होता, आणि तो कुठेतरी झालाही असावा. पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी वर आलं.

"अगं," ते म्हणाले, "मला भीती वाटतेय."

मास्तरीणबाई स्टूल ओढून त्यांच्या गुडघ्यांशी बसली.

"आत्ता सांगताय," ती म्हणाली. "आठ महिने मी एकटीच घाबरत होते."

मास्तरांनी तिचा हात धरला. मग चार वाजेपर्यंत दोघं मिळून मनसोक्त घाबरले. चारला तिने चहा टाकला, आणि मास्तरांनी दोन कप घेतले.